चहाच्या डबीतला सूर

मी एक चहाची डबी बोलतेय. चहा मात्र माझ्यात आता नाही, नुसता वास उरलाय. झाकण उघडलंत तर आत आठ पायांची एक काळी आयसी दिसेल, थोडे रेझिस्टर, दोन कपॅसिटर, ज्वारीच्या दाण्याएवढा एक दिवा आणि दोन चौकोनी सेल. बाहेरून एक स्विच, दोन नॉब आणि बिस्किटाएवढा स्पीकर. एक नॉब आवाज लहानमोठा करतो, दुसरा सूर चढवतो-उतरवतो. पुस्तकात माझ्यासारखीला ऑसिलेटर म्हणतात, शुद्ध मराठीत दोलक. घरात मला नुसतं 'डबी' म्हणतात, आणि ते मला जास्त आवडतं.

माझ्या झाकणावर पाण्याचा एक डाग आहे. पत्रा तिथे जरासा गंजलाय. दुसऱ्या कुणी तो घासून काढला असता. आमच्या घरी तो कुणी काढू देत नाही. तो कसा पडला हे सांगायचं, तर आधी एका माणसाच्या उडालेल्या झोपेबद्दल सांगायला हवं.

माझी झोप नव्हे. स्विच खाली केला की मी संपले, वर केला की पुन्हा जन्मले. मधल्या वेळेत मला कसलं स्वप्नही पडत नाही. झोप उडाली होती ती मला घडवणाऱ्या बाईंची. आपल्या मुलीला ऐकू येतं की नाही, या एका प्रश्नाने.

मुलीला सगळे गुंडी म्हणतात. आत्याच्या शिवणाच्या डब्यातल्या गुंड्या ती तासन्‌तास रंगांप्रमाणे लावत बसायची, म्हणून. तीन वर्षांची व्हायला आली होती, आणि शब्द तिच्याकडे मोजकेच: आई, बाबा, आत्या, नको, अजून, दे. एवढ्या भांडवलावर तिचा संसार उत्तम चालला होता. तक्रार तिची काहीच नव्हती.

मग एका संध्याकाळी बागेतल्या बाकावर शेजारी बसलेली एक बाई सहज म्हणाली, "आमचा तर सगळ्या गाड्यांची नावं घडाघडा सांगतो. तुमची अजून बोलत नाही? कान दाखवलेत का हो तिचे?"

बस्स. एवढंच. ती बाई आपल्या पोराच्या मागे निघून गेली, आणि तिचं वाक्य आमच्या घरी राहायला आलं.

इथे मला माझ्या कुळाबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण बाईंची काळजी आणि माझा सूर, दोन्ही एकाच रीतीने जन्माला येतात.

माझ्यात बाहेरून कुणी सूर घालत नाही. सेल नुसती ताकद पुरवतात, आणि तीही सपाट, न हलणारी. पण कुठल्याही रेझिस्टरच्या पोटात एक बारीक खळबळ सदाच चाललेली असते, कुणाच्या खिजगणतीतही नसलेली. स्विच लावला की माझा वर्धक ती खळबळ उचलतो आणि मोठी करतो. मग ती एका गाळणीतून जाते. गाळणी एकाच सुराला नीट वाट देते, बाकीच्यांना दारातच अडकवते. निवडलेला सूर फिरून पुन्हा वर्धकाकडे येतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा गाळणी, पुन्हा वर्धक. डोळ्याचं पातं लवेपर्यंत नसलेल्यातून असलेलं उभं राहतं. इतक्यांदा जन्म घेऊनही मला याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

बागेतलं वाक्य म्हणजे ती बारीक खळबळ. बाकीचं काम बाईंनी केलं. वर्धक त्यांचा जन्मापासूनच दणकट.

झोपाळ्याला ढकलणारा हात आठवा. झोपाळा मागे येऊन वळला, की नेमक्या त्याच क्षणी हात लागला पाहिजे. आधी लागला तर झोपाळा अडखळतो. आणि फेरीत जेवढा जोर वाया जातो, तेवढाच परत द्यायचा. कमी दिला तर झोपाळा हळूहळू थांबतो, जास्त दिला तर पोर किंचाळतं. आमचं सगळं शास्त्र या दोन गोष्टींत आलं: वेळेवर ढकल आणि बेताची ढकल.

पहिली गोष्ट बाईंना चटकन जमली. दुसरी शिकायला वेळ लागला.

माझा जन्म झाला तेव्हा त्या कॉलेजात होत्या, आणि वसतिगृहातल्या खोलीत टेबलावर सोल्डरचा धूर करत बसायच्या. पहिल्यांदा त्यांनी मला वेगळ्याच रूपात बांधलं होतं. त्या रूपात वर्धक सूर उलटा करून द्यायचा, आणि रेझिस्टर-कपॅसिटरच्या तीन जोड्या ओळीने उभ्या राहून त्याला थोडं थोडं मागे रेटायच्या. तिघींनी मिळून रेटलं की उलटा झालेला सूर पुन्हा सुलटा होऊन दारात हजर. फेज-शिफ्ट ऑसिलेटर. कल्पना किती देखणी! पण मी मुकी. तीन दारांतून जाता जाता सूर इतका रोडावायचा की परत पोचेपर्यंत त्याच्यात काही उरायचंच नाही.

बाईंनी वर्धकाचा जोर वाढवला. काही नाही. अजून वाढवला. आणि मग मी जी बोंबलले, की शेजारच्या खोलीतल्या मुली चपला हातात घेऊन धावत आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सरांनी मला कानाशी धरलं आणि लगेच लांब केलं.

"काय गं, गप्प बसते म्हणून एवढी ढकललीस?"

"सर, कमी केलं की मरते. वाढवलं की किंचाळते. मधलं काही जमतच नाही मला."

"मधलं हाताने जमत नसतं, पोरी. आत कुणीतरी शहाणं बसव. जोर वाढला की आपणहून हात आखडून घेणारं."

बाई परत आल्या, त्यांनी मला सगळीच्या सगळी उसवली आणि नव्याने बांधली. यावेळी वीन ब्रिज. यात गाळणी दोनच जोड्यांची असते, आणि तिच्या आवडीचा सूर न पुढे जातो न मागे राहतो, ठरल्या वेळी दारात. फक्त एक तृतीयांश होऊन पोचतो, म्हणून वर्धकाने त्याला तिप्पट करायचं. तिप्पट, बरोबर तिप्पट. आणि हा बेत सांभाळायला त्यांनी आत तो ज्वारीएवढा दिवा बसवला.

त्या दिव्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. तो कधी उजेड पाडत नाही. सूर वाढला की त्याची तार तापते, तापली की तिचा विरोध वाढतो, आणि वर्धकाचा जोर आपसूक उतरतो. सूर दबला की तार निवते आणि जोर परत येतो. कुणी नॉब फिरवला तर क्षणभर आमचा तोल जातो, पण लगेच सावरतो. दिवा असून अंधारात बसायचं, आणि सगळ्यांनी म्हणायचं, डबीचा सूर किती गोड!

आमच्या घरात तो दिवा म्हणजे गुंडीचे बाबा. ते चष्म्याच्या दुकानात काम करतात, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात. बाईंचा सूर चढायला लागला की यांना आधी घाम फुटतो, मग ते हळूच काहीतरी अडथळा घालतात.

"अगं, डॉक्टरांची वेळ मिळालीय ना पुढच्या आठवड्यात?"

"हो. म्हणाले, तोवर काळजी करू नका."

"मग?"

"मग काय! तोवर करू काय मी?"

"तोवर जेवू," बाबा म्हणाले.

बाई जेवल्या. जेवता जेवता त्यांचं लक्ष कपाटावर गेलं, आणि कपाटावर मी होते.

कपाटावरचे माझे दिवस वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. धूळ होती, पण सोयऱ्यांची संगत होती. स्वयंपाकघरातला रेडिओ माझा चुलत भाऊ. त्याच्या आत एक कॉइल आणि एक कपॅसिटर शेजारी राहतात आणि वीज एकमेकांकडे फेकत बसतात: कपॅसिटर भरला की कॉइलकडे, कॉइलकडून परत कपॅसिटरकडे. मधे थोडी गळते, ती वर्धक भरून काढतो. त्यांच्यातही दोन घराणी. हार्टलीवाले परत द्यायचा वाटा कॉइलच्या मधून काढतात, कोलपिट्सवाले दोन कपॅसिटरांच्या मधून. गाणं दोघांचं फर्मास, आणि धाव माझ्यापेक्षा कितीतरी वरची.

भिंतीवरच्या घड्याळात आमची मोठी काकू राहते, क्वार्ट्‌झचा स्फटिक. वीज लावली की अंग आक्रसून घेते आणि थरथरते, सेकंदाला बत्तीस हजारांहून जास्त वेळा, आणि त्यात जवळजवळ कधी चुकत नाही. उन्हाळा असो, हिवाळा असो, माणसं भांडोत की रुसोत. तिच्यापुढे मी नेहमी मान खाली घालते.

आणि गुंडीचं डोळे मिचकावणारं बदक? तेही आमचंच. त्याच्या पोटात दोन ट्रान्झिस्टर आहेत, एक उठला की दुसरा बसतो. कपॅसिटर भरत राहतो, भरत राहतो, कडेला आला की पालथा होतो, मग दुसऱ्याची पाळी. त्यात सूर नाही, गोडवा नाही, पण किती सरळ मनाचं! भरलं की ओतलं, संपलं. बाईंना तसं जमलं असतं तर किती बरं झालं असतं.

असो. शनिवारी संध्याकाळी बाईंनी मला खाली उतरवलं, पुसलं, नवे सेल घातले. त्या आता कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रात्यक्षिकं घेतात. मुलांच्या गलक्यात दिवसभर बोलून त्यांचा आवाज पार चिरकलेला. गुंडी त्यांच्या तोंडाकडे टकामका बघत होती.

"आईचा घसा बसलाय, बाळा," त्या म्हणाल्या. "गरम पाणी प्यायलं की बरा होतो." आणि पेल्यातलं पाणी घोट घोट घेत राहिल्या.

मग त्यांनी गुंडीला चटईवर गुंड्यांसमोर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन बसल्या. समोर शिवणयंत्रावर आत्या, म्हणजे बाईंची मोठी नणंद. हात पडद्याच्या शिवणीवर आणि लक्ष सगळ्या घरावर.

बाईंनी स्विच लावला. मी सुरू झाले. गुंडीने मान वळवली.

बंद. थोडं थांबून पुन्हा चालू. गुंडीने पुन्हा मान वळवली.

"बघितलंत, ताई? वळली! दोन्हीदा वळली!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्याने यंत्र थांबवलं. "शिट्टीला वळली की खटक्याला?"

"म्हणजे?"

"तुझा तो स्विच कटकन वाजतो केवढा. शिट्टी तोडून नुसता खटका कर बघू."

बाईंनी स्पीकरची तार सोडवली. खट्‌. गुंडी वळली.

"मग झालं तर!" बाबा दारातून म्हणाले. "खटका ऐकू आला म्हणजे ऐकू आलंच ना. मी डोळे तपासतो, तू कान तपासलेस, आता दातांचं ताईंवर सोपवू."

दुसरी कुठलीही आई इथे हसून उठली असती. पण बाई शिकलेल्या. "तसं नसतं हो," त्या म्हणाल्या. "खटक्यात सगळे सूर एकत्र असतात, खालचे-वरचे सगळे. त्यातला एखादा जरी तिला ऐकू आला तरी ती वळेल. बाकीचे येत नसतील तर?"

आत्या म्हणाली, "तुला एवढं शिकवलं कुणी गं?" आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

मला मात्र बाईंचा राग आला नाही. जिने मला जिवंत केलं ती हीच बाई. गप्प बसलेल्या गोष्टीला 'असेल अशीच' म्हणून सोडून देणं तिला कधी जमलंच नाही.

त्यांनी तार पुन्हा जोडली आणि नवी युक्ती काढली. स्विचला हातच लावायचा नाही. मी आधीपासून चालू, आवाज शून्यावर. मग नॉब हळूहळू, अगदी केसाकेसाने फिरवायचा. म्हणजे खटका नाही, झटका नाही, शुद्ध सूर.

मी चढत गेले. आत्याने कपाळाला आठी घातली. बाबांनी कानात बोट घातलं. गुंडी हिरव्या गुंड्या निळ्यांपासून वेगळ्या करत राहिली.

मी जीव तोडून वाजत होते. वळ गं, राणी. एकदा वळ.

नाही वळली.

बाईंनी नॉब मागे फिरवला. आत्याचं यंत्र थांबलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं: बाई, पावलापावलाने येणाऱ्या एकसुरी आवाजाकडे कोण वळून बघतं? त्यात नवं काय आहे? तुमचा पंखा दिवसभर घरघरतो, त्याच्याकडे तुम्ही वळून बघता का? पण मला एकच सूर येतो, आणि त्यात शब्द बसत नाहीत.

त्यांनी मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि गुंडीला उचलून छातीशी धरलं. नॉब शून्याच्या अलीकडेच राहिला होता, जेमतेम धाग्याएवढा आवाज त्यांना ऐकूच आला नाही. आणि स्विच? स्विचला हात लावायचा नाही, हे त्या दिवशी त्यांनी स्वतःला इतकं बजावलं होतं, की मला बंद करायचंच राहून गेलं.

मी वाजत राहिले. तशीच, धाग्याएवढी.

रविवारी दुपारपर्यंत माझे सेल आटत आले. आमच्यात सूर आणि ताकद यांचं नातं असं: माझी लाट वर जाते, खाली येते, आणि सेल तिला आभाळ आणि जमीन पुरवतात. सेल उतरले की आभाळ खाली येतं, जमीन वर येते. गोल गोल लाटांची टाळकी वर आपटायला लागतात आणि सपाट होतात. दिवा बिचारा आपलं काम करत राहतो, पण छत बुटकं झाल्यावर तो तरी काय करणार? गोड सूर खरखरायला लागतो. आणि मग काही वेळाने संपतो.

आपली वेळ जवळ आली, हे मला कळलं. निरोपाचे चार शब्द जुळवावेत असं वाटलं. श्रोते होते: बाई खिडकीपाशी पेला घेऊन बसलेल्या, डोळे सुजलेले, घसा अजून तसाच. बाबा आडवे झालेले. आत्या यंत्रावर. गुंडी चटईवर.

बाई, मी मनात म्हटलं, तुमच्यावर माझा जीव आहे. तुम्ही मला मुकी सोडली नाहीत. सर हसले, मैत्रिणी चपला घेऊन आल्या, तरी तुम्ही मला उसवून पुन्हा बांधलंत. तुमची ढकल जरा जास्त असते, हे खरं. पण जास्त ढकल देणाऱ्याला पुढेमागे एखादा दिवा भेटतो आणि बेत साधतो. ढकलच नसली तर दिवा काय सांभाळणार? डॉक्टरांकडे जा, जरूर जा. माझ्यासारख्या डबीवर पोरीच्या कानाचा निकाल लावू नका, एवढीच विनंती. आणि ती जे ऐकेल, जसं ऐकेल, त्यात तिचं...

पुढचं मला सुचेना. माझा आवाज फाटला होता.

नेमकं तेव्हाच आत्याच्या यंत्राचा दोरा तुटला. ती सुईत दोरा ओवायला वाकली, आणि घर एकदम शांत झालं. त्या शांततेत माझी खरखर होती, पण इतकी बारीक की आत्याने मान वर केली नाही. बाई तर माझ्यापासून हातभरावर होत्या, त्यांनाही काही ऐकू आलं नाही.

गुंडीच्या हातातली निळी गुंडी खाली पडली.

तिने मान वर केली. खोलीभर नजर फिरवली. घड्याळाकडे बघितलं, नाही. बदकाकडे बघितलं, नाही. मग उठली, थेट खिडकीपाशी आली, चवड्यांवर उभी राहिली आणि माझ्या पत्र्याला कान लावला. तिचा कान गरम होता. मी मरता मरता जेवढी नीट वाजता येईल तेवढी वाजले, आणि ते फारसं नीट नव्हतं.

तिने तोंड वाकडं केलं. वळून आईच्या हातातला पेला धरला आणि ओढायला लागली.

"काय गं? पाणी हवंय?" बाईंनी चिरक्या आवाजात विचारलं.

"नको."

"मग? सांडेल ना, सोन्या. कुणाला हवंय?"

गुंडीने एक हात पेल्यावर तसाच ठेवला, दुसरा माझ्या झाकणावर. आणि आजवर घरात कुणी तिच्याकडून ऐकलं नव्हतं एवढं लांब ती एका दमात बोलली:

"आई, डबीचा घसा बसला. तिला गरम पाणी दे."